मगरीवरचे पेकुसबाबा

“बाबा, तुम्ही कधी सिंह पाहिलाय का?”

“पाहिलाय की. एकदा.”

मी घाईघाईनं बोरू शाईत बुडवला. “मग काय झालं?”

“काय व्हायचंय? तो त्या टेकाडावर होता आणि मी इथं. मी आत शिरलो आणि दाराला धोंडा लावला.”

“आणि तो?”

“तो गेला असणार. मी संध्याकाळपर्यंत बाहेर डोकावलोच नाही, बाळा.”

मी बोरू पुसून ठेवला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. पेकुसबाबा माझ्यासमोर मांडी घालून खजुरीच्या पानांची टोपली विणत होते. नव्वदीचा म्हातारा, पाठीला बाक, तोंडात मोजून चार दात. आमच्या मठापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, उघड्या वाळवंटातल्या एका गुहेत ते साठ वर्षं एकटे राहत होते. मी मठातून उन्हातान्हात चालत आलो होतो तो त्यांचं चरित्र लिहायला. आणि या माणसाच्या चरित्रात काही म्हणजे काही नव्हतं.

“उपास तरी केले असतील ना मोठे? सलग किती दिवस?”

“तीन. एकदा पाच झाले. मसूर घेऊन येणारा बंधू आजारी पडला होता तेव्हा.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तो काही उपास नव्हे. ती उपासमार. ते नको लिहूस.”

“बरं, सैतान? सैतान तर आलाच असेल?”

“तो रोज येतो.”

“कोणत्या रूपात?” मी पुन्हा बोरू उचलला.

बाबांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. मग मान खाली घालून पुन्हा पान ओढलं. “फार साधा असतो रे. सांगण्यासारखं नाही काही.”

मी त्यांना आग्रह केला नाही. साधा सैतान घेऊन मला काय करायचं होतं?

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं. तुम्ही पेकुसबाबांचं चरित्र वाचलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. हल्ली ते चरित्र नाही असा मठ सापडायचा नाही. सिंहिणीचे बछडे सांभाळणारे पेकुसबाबा. ऐंशी दिवस अन्नपाण्याशिवाय उभे राहिलेले पेकुसबाबा. मगरीच्या पाठीवर बसून नाईल ओलांडणारे पेकुसबाबा. ते चरित्र लिहिणारा कोप्रेस तो मीच.

कोप्रेस म्हणजे शेणातला. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि परकं पोर म्हणून परत उचलून घेतलं. मृत्यूला फसवायला ठेवलेलं नाव ते, पण त्यानं मृत्यूपेक्षा माझ्या वर्गमित्रांची जास्त सोय झाली. विशेषतः दियोस्कोरची.

दियोस्कोर आणि मी शहरातल्या एकाच गुरुजींकडं व्याकरण शिकलो. तो गोरा, गुटगुटीत, मधाळ आवाजाचा. मी वाक्य म्हटलं की गुरुजी डोळे मिटून कपाळ दाबायचे; दियोस्कोरनं म्हटलं की डोळे मिटून मान डोलवायचे. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला बोरू त्याला दिला आणि मला सांगितलं, “तू मठात जा. तिथं मौन पाळतात.”

मी मठात गेलो. नाईलच्या पश्चिम काठावरच्या. चार वर्षांनी कळलं की दियोस्कोरसुद्धा संन्यासी झालाय, समोरच्याच पूर्व काठावर. देवाला जगात दुसरी जागा मिळाली नसावी.

तरी बरं चाललं होतं. मग त्यांच्याकडचे एक वृद्ध एकांतवासी, तुआनबाबा, वारले आणि दियोस्कोरनं त्यांचं चरित्र लिहिलं. वर्षभरात त्याच्या नकला नदीकाठच्या प्रत्येक मठात पोचल्या. लोक नावा भरभरून पूर्व काठावर उतरू लागले. आमच्या काठावर फक्त वाट चुकलेले यायचे, आणि तेही विचारायचे, “तुआनबाबांची गुहा कुठं आली?”

एके दिवशी आमच्या मठपती फिलेमोनबाबांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढं तुआनचं चरित्र उघडं पडलं होतं.

“कोप्रेस, तू याच्याबरोबर शिकलास ना?”

“हो, बाबा.”

“मग तुला हे जमत नाही का?”

त्यांनी दुसरं काही म्हणायची गरजच नव्हती. पेकुसबाबांच्या गुहेकडं मी जवळजवळ पळतच गेलो होतो.

आणि आता सिंहाला घाबरून धोंडा लावणारा म्हातारा घेऊन परतलो होतो. तीन दिवस कोऱ्या पानासमोर बसलो. चौथ्या दिवशी तुआनचं चरित्र डाव्या हाताला उघडून ठेवलं, नुसतं बघायला म्हणून. आणि उजवा हात आपोआप चालायला लागला.

दियोस्कोरचा तुआन सोळाव्या वर्षी घर सोडतो. माझा पेकुस चौदाव्या वर्षी. तुआन चाळीस दिवस उपास करतो, पेकुस ऐंशी. तुआनच्या पायाशी एक सिंह येऊन बसतो. मी सिंहीण आणली, तिला तीन बछडे दिले आणि एका बछड्याचे डोळे आंधळे करून ते बाबांकडून बरे करवले. तुआननं हात उगारताच मगर निमूट पाण्यात परत जाते. मी पेकुसबाबांना मगरीवर बसवलं आणि पलीकडं नेलं. पलीकडं त्यांचं काय काम होतं ते मात्र काही केल्या सुचेना. शेवटी एका मरणासन्न विधवेला प्रार्थना ऐकवायला पाठवलं.

आरंभी मी लिहिलं, ‘मी अडाणी माणूस आहे, मला अलंकार येत नाहीत, जे पाहिलं तेवढंच साध्या शब्दांत सांगतो.’ हे वाक्यसुद्धा दियोस्कोरचंच होतं. मी फक्त ‘अडाणी’च्या जागी ‘अत्यंत अडाणी’ केलं.

लाज वाटली नाही का, असं कुणी विचारेल. खरं सांगू? इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झाला नाही.

प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाला वाळवंटातले सगळे एकांतवासी मठात जमतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, चरित्र वाचायचं ठरलं. फिलेमोनबाबांनी बेत चोख आखला होता. पूर्व काठाच्या मठाला आग्रहाचं आमंत्रण होतं, म्हणजे दियोस्कोर येणारच. शिवाय अलेक्झांड्रियाच्या थियोदोते नावाच्या एका श्रीमंत विधवेची नाव आमच्या धक्क्याला लागली होती. या बाई साधूंची चरित्रं जमवायच्या आणि शहरात नकला करून वाटायच्या. त्यांचा कारभारी माझी पोथी न्यायला आला होता. आणि पेकुसबाबाही आले होते, दरवर्षीसारखे, नव्या टोपल्या पाठीवर बांधून.

पोथी ग्रीकमध्ये होती. ती मी आमच्या बोलीत सांगत वाचू लागलो. दियोस्कोर पाहुण्यांच्या बाकावर पहिलाच. आरंभीच्या ‘अत्यंत अडाणी’लाच त्याच्या एका भुवईनं वरची वाट धरली. ऐंशी दिवसांच्या उपासाला दुसरी भुवई तिच्याशेजारी गेली. मगर आली तेव्हा तो पेल्यात तोंड घालून पाणी प्यायला लागला आणि बराच वेळ पीतच राहिला.

बाकी सगळे मात्र भारावले होते. शंभरएक माणसं, पण चमच्याचा आवाज नाही. आणि खालच्या टोकाला पेकुसबाबा ढसाढसा रडत होते.

वाचन संपलं. पेकुसबाबा काठी टेकत उठले, दोन्ही बाकांच्या मधून सावकाश माझ्यापर्यंत आले आणि माझा हात धरला.

“बाळा, हा पेकुस कुठं राहतो रे?”

 मग भोजनशाळाभर हुंदके फुटले. “काय ही नम्रता!” कुणीतरी म्हणालं. फिलेमोनबाबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “हेही घाल. शेवटी घाल.”

पण बाबांचा हात माझ्या हातात होता. त्यांचं तोंड मला अगदी जवळून दिसत होतं. त्यात नम्रता वगैरे काही नव्हतं. ते पत्ता विचारत होते.

“नावही माझंच,” ते म्हणाले. “साठ वर्षं या वाळवंटात काढली मी, आणि असा माणूस जवळपास आहे हे मला कुणी सांगितलं नाही. कुठं असतो तो?”

मला म्हणता आलं असतं. ‘बाबा, असा माणूस नाही,’ एवढे चार शब्द. पण पलीकडं दियोस्कोर हनुवटीखाली हात घेऊन बसला होता आणि मी काय म्हणतो याची शांतपणे वाट बघत होता.

“आतल्या वाळवंटात,” मी म्हणालो. “तीन दिवसांच्या वाटेवर.”

“देव तुझं भलं करो,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चटई रिकामी होती. द्वारपालानं सांगितलं की बाबा उजाडताच निघाले, पाण्याची पिशवी आणि दोन भाकरी घेऊन. आतल्या वाळवंटाची वाट कुठली ते विचारून गेले. द्वारपाल त्यांना म्हणाला होता, सूर्याकडं पाठ करून चालत राहा.

आत वस्ती नाही, पाणी नाही, सावलीसुद्धा नाही. नव्वदीचा माणूस.

मी पाणी घेतलं आणि निघालो. फाटकाबाहेर दियोस्कोर उभा होता, त्याच्याही खांद्यावर पाण्याची पिशवी.

“मी येतोय,” तो म्हणाला.

“तू कशाला?”

“तुला वाट सापडायची नाही. तू कायम दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकत आलायस, आणि इथं माझी पावलं नाहीत.”

 बाबांच्या पावलांचे ठसे मात्र वाळूत स्पष्ट होते, शेजारी काठीची भोकं. त्यांच्या मागोमाग आम्ही चालू लागलो. एखाद्याच्या जिवावर बेतलेलं असताना माणसं गप्प राहत असतील. आम्ही भांडत होतो.

“‘पहाट त्याच्या गुडघ्यांवर उगवली.’ हे वाक्य माझं आहे,” दियोस्कोर म्हणाला.

“तुझं? गुरुजींचं आहे ते! त्या पहिलवानाच्या सत्काराच्या भाषणात होतं.”

“पण संन्याशाला ते मी प्रथम लावलं.”

“वा! म्हणजे चोराकडून चोरलं तर ते पाप!”

तो हसला. लठ्ठ माणसाला वाळूत चालताना हसणं परवडत नाही. थांबून त्यानं धाप टाकली. मी त्याला पाणी दिलं, कारण त्याची पिशवी तोवर निम्मी झाली होती.

“एक सांग,” मी म्हणालो. “तुआन खरंच मगरीसमोर उभा राहिला होता?”

दियोस्कोरनं तोंड पुसलं. “मगर मेलेली होती.”

“काय?”

“काठावर मरून पडली होती. तुआनबाबा तिच्याजवळ उभे राहिले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. मगरीसाठी! वाचणाऱ्याला ते विचित्र वाटलं असतं. म्हणून मी ती जिवंत केली.”

मी पुन्हा काठीच्या भोकांमागं चालू लागलो.

ऊन कलल्यावर बाबा सापडले. एका खडकाच्या हातभर सावलीत बसले होते. घोटा सुजून खरबुजाएवढा झाला होता, ओठांना भेगा पडल्या होत्या. पण त्यांच्या पिशवीत अर्धं पाणी तसंच होतं आणि एक भाकर फडक्यात बांधलेली.

“बाबा, पाणी होतं ना! प्यायला नाहीत?”

“अर्धं त्यांच्यासाठी ठेवलंय,” बाबा म्हणाले. “भाकरीचं म्हणशील तर माझ्याही मनात आलं, जो ऐंशी दिवस जेवत नाही त्याला भाकर कशाला न्यायची? पण रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाकडं?”

दियोस्कोर दुसरीकडं बघू लागला. मी वाळूत बसलो.

“बाबा,” मी म्हणालो, “असा माणूस नाही. मी तो रचला. सिंहीण रचली, उपास रचले. रचलेसुद्धा नाहीत, याच्या पोथीतून घेतले आणि दुप्पट केले. तो पेकुस म्हणजे तुम्हीच होतात.”

बाबांना हे समजायला वेळ लागला.

“मी?”

“हो.”

“मगरीवर?”

“हो, बाबा.”

“पण मी तर पाण्याला भितो,” बाबा म्हणाले. “मी कधी नदी ओलांडलेलीच नाही.”

मला हसू आलं; मी ते दाबलं. बाबा हसत नव्हते. माझ्यावर ते रागावले असते तर मला सोसलं असतं. पण ते नुसते खाली बघत राहिले, लांबून भेटायला जावं आणि ते घर बंद असावं तसे.

“मला त्यांना एक विचारायचं होतं,” ते म्हणाले.

“काय, बाबा?”

“तुला त्या दिवशीच विचारणार होतो. म्हटलं, तू शिकलेला आहेस. मग लाज वाटली.” त्यांनी सुजलेल्या पायावरून हात फिरवला. “मी प्रार्थनेला उभा राहतो ना, तेव्हा चौथ्या-पाचव्या ओळीला मला आईच्या आमटीचा वास येतो. मसुराची आमटी, वर कांदा परतून घातलेला. मग मी तिथंच जातो. चुलीपाशी. ओळी तोंडानं चालू असतात, मी मात्र जेवत असतो. साठ वर्षं रोज हेच चाललंय. म्हटलं, एवढा थोर माणूस, त्यांना विचारावं, हे कधी थांबतं का? का माझी साठ वर्षं फुकट गेली?”

मला काय सांगता येणार होतं? प्रार्थनेला उभा राहिलो की माझ्या मनात दियोस्कोरची वाक्यं यायची.

तेव्हा दियोस्कोर बोलला. त्याचा तो मधाळ आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

“तुआनबाबांचंही तसंच होतं.”

बाबांनी मान वर केली.

“त्यांचं मन बांधावर जायचं,” दियोस्कोर म्हणाला. “त्यांच्या भावानं शेताचा बांध दोन हात सरकवला होता. सत्तर वर्षांपूर्वी. शेत सोडलं, घर सोडलं, तो भाऊही मेला. पण बाबा प्रार्थनेला बसले की बांधावर जाऊन भांडायचे. मरणाच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, ‘दियोस्कोर, आजपण जाऊन आलो बघ.’”

“तुआन?” बाबा म्हणाले. “तुआनसुद्धा?”

“अगदी शेवटपर्यंत.”

आणि पेकुसबाबा हसायला लागले. चार दातांचं तोंड उघडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “बांधावर!” ते पुनःपुन्हा म्हणत होते. “तुआन बांधावर, मी चुलीपाशी!” मग एकदम शांत झाले आणि दियोस्कोरकडं वळले.

“मग हे तू लिहिलं का नाहीस?”

दियोस्कोर बोटानं वाळूत रेघ ओढत राहिला. “शोभलं नसतं, बाबा.”

“मला तेवढंच हवं होतं रे,” बाबा म्हणाले.

राखून ठेवलेलं पाणी आम्ही त्यांना प्यायला लावलं आणि त्या भाकरीचे तीन तुकडे केले. मग आळीपाळीनं त्यांना पाठीवर घेऊन त्यांच्या गुहेपर्यंत आणलं. काटक्यांच्या भाऱ्याएवढं त्यांचं वजन. मठात यायला त्यांनी नकार दिला. ते आणखी सहा वर्षं जगले, टोपल्या विणल्या, आणि त्या पोथीचा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

रात्रभर चालून परतताना, उजाडता उजाडता, दियोस्कोरनं आणि मी शपथ घेतली. दोघांनी आपापली पोथी मागं घ्यायची, जाळायची, आणि खरं असेल तेवढंच पुन्हा लिहायचं. मठाच्या वाटेवर आम्ही एकमेकांना मिठी मारली. लहानपणापासूनची पहिलीच. तो त्याच्या होडीकडं गेला. त्यानं शपथ पाळली का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही मला विचारलं नाही.

मी धक्क्याकडं धावत सुटलो, कारण थियोदोतेबाईंची नाव त्याच सकाळी निघायची होती. पोचलो तेव्हा नावाडी दोर सोडत होता. कारभारी आत सावलीला बसला होता. मी धक्क्याच्या कडेला उभा राहिलो. नाव आणि मी यांच्यात तीन हात पाणी असेल.

“थांब!” मी ओरडलो.

नावाड्यानं वल्हं रोवून नाव थांबवली. “काय झालं, बंधू? काही राहिलं का?”

“माझी पोथी आहे ना आत?”

“आहे की. चामड्यात बांधलीय. ती बघा, त्या तळाशी ठेवलीय.” मग तो दात काढून म्हणाला, “कारभारी कालपासून तीच वाचताहेत. म्हणत होते, त्या पलीकडच्या तुआनच्या पोथीला हिची सर नाही.”

मी उभा होतो. धापा टाकत होतो. दोन दिवसांची वाळू अजून माझ्या दाढीत होती आणि शपथ घेऊन तासही झाला नव्हता.

“असं म्हणाले?” मी विचारलं.

“दोनदा म्हणाले.”

नाव प्रवाहात हळूहळू वळू लागली. नावाडी अजून माझ्याकडं बघत होता.

“तळाशी ठेवू नकोस तिला,” मी ओरडून सांगितलं. “तिथं पाणी झिरपतं. वर ठेव, कोरड्यात.”